पदर उलटून पाहतात, तसे भांडे आतून पाहावे

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात, सान इल्डेफोन्सो नावाचे प्वेब्लो आदिवासींचे एक छोटे गाव आहे. तिथल्या मारिया मार्टिनेझ यांच्या नावाला १९२० च्या दशकात बाजारात भाव येऊ लागला. त्यांच्या भांड्यांचे अंग काळे आणि आरशासारखे चकचकीत असे आणि त्यावरची नक्षीही काळीच, पण निस्तेज रेषांची असे. ही भांडी लोक नाव विचारून घेऊ लागले आणि तळाशी सही असलेल्या भांड्याला बिनसहीच्या भांड्याहून जास्त पैसे मिळतात, हे गावाच्या लक्षात आले. मग गावातल्या इतर बायका आपण घडवलेली भांडी घेऊन मारियांकडे येत आणि मारिया त्यांच्यावरही आपली सही करून देत. पुढे ही गोष्ट संग्राहकांना कळली तेव्हा त्यांची पंचाईत झाली, कारण सही म्हणजे एकाच व्यक्तीच्या हाताची हमी, असे ते धरून चालले होते.

मला या हकिगतीत फसवणूक दिसत नाही. ती भांडी त्याच टेकडीच्या मातीची, त्याच रीतीने रचलेली, तशीच घोटलेली आणि तशाच जाळात भाजलेली होती. आपल्या नावाला मिळालेल्या मानाचा चार शेजारणींच्या घरखर्चाला उपयोग व्हावा, एवढाच मारियांचा हेतू असावा असे मला वाटते. घोटाळा झाला तो विचारणाऱ्याच्या प्रश्नात. आज शंभर वर्षांनीही तोच प्रश्न विचारला जातो. अमेरिकेचा कायदा विचारतो की भांडे कोणी घडवले, आणि बाजार विचारतो की त्यावर सही कोणाची आहे. ते कसे घडवले, हा प्रश्न मागे पडला आहे, आणि ज्या घरांनी हाताने वळ्या रचून भांडे उभे करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्यांचे नुकसान नेमके तिथे होते. म्हणून प्वेब्लो भांडे विकताना त्याच्या घडणीची माहिती देणे बंधनकारक असावे, आणि त्या माहितीत काय सांगायचे व काय सांगायचे नाही हे प्वेब्लो गावांनीच ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्वेब्लो या स्पॅनिश शब्दाचा अर्थ गाव असाच आहे. स्पॅनिश लोक या प्रदेशात आले तेव्हा त्यांना माती-दगडाच्या मजली घरांत राहणारे, मका पिकवणारे समाज दिसले आणि त्यांनी ते नाव त्या लोकांनाच देऊन टाकले. आज न्यू मेक्सिकोत अशी १९ गावे आहेत, ॲरिझोनात हॉपी लोकांच्या वस्त्या आहेत आणि टेक्सासमध्ये इस्लेता देल सुर आहे. प्रत्येक गावाचे शासन वेगळे आहे, भाषाही एक नाही. तेवा, तिवा, तोवा, केरेस, झुनी आणि हॉपी अशा वेगवेगळ्या भाषा तिथे बोलल्या जातात. या सगळ्यांच्या परंपरागत कुंभारकामात चाक नाही. आपल्याकडे कुंभार म्हटले की फिरते चाक आणि ते फिरवणारा पुरुष डोळ्यांसमोर येतो. तिथे मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडे उभे करायचे, आणि ते काम मुख्यतः बायकांचे, अशी वहिवाट होती.

गाण्यात आपण घराणे म्हणतो त्या अर्थाने इथे घराणी आहेत. हॉपी प्रदेशातील हानो गावच्या नाम्पेयो (अंदाजे १८६० ते १९४२) यांनी सिक्यात्की या उजाड झालेल्या जुन्या गावातील खापरांवरची नक्षी डोळ्यांत साठवली आणि ती आपल्या भांड्यांवर पुन्हा जिवंत केली. १८९५ मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स या संशोधकाने तिथे उत्खनन केले, तेव्हा नाम्पेयोंचे पती लेसो त्या कामावर होते. उतारवयात नाम्पेयोंची दृष्टी गेली. तरीही त्या बोटांच्या अंदाजाने भांडी घडवत राहिल्या आणि त्यांच्या मुली त्यांवर रंगकाम करत. ते भांडे आईचे म्हणायचे की मुलीचे? मारियांचे पती हुलियान १९४३ मध्ये वारले, तोवर नक्षी बहुधा त्यांची असे. भांडी बायकांची मानली जात असल्यामुळे सुरुवातीला सहीत त्यांचे नावही नव्हते, ते नंतर आले. त्यांच्यामागे सून सान्ताना हिने आणि नंतर मुलगा पोपोवी दा याने मारियांच्या भांड्यांवर नक्षी काढली. सांता क्लारा गावच्या मार्गारेट टफोया (१९०४ ते २००१) यांनी आई सारा फिना हिच्याकडून रांजणाएवढी मोठी भांडी घडवण्याची विद्या घेतली. अस्वलाच्या पंजाचा ठसा उमटवलेली त्यांची काळी भांडी प्रसिद्ध आहेत, आणि त्यांच्या मुला-नातवंडांत हे काम पसरलेले आहे. नाव एकाचे होते, पण खणणारे, चाळणारे, मळणारे, घोटणारे, लाकडे फोडणारे आणि जाळापाशी उभे राहणारे हात सगळ्या घराचे असतात.

या श्रमाची कल्पना आल्याशिवाय माझ्या म्हणण्याचे वजन कळणार नाही, म्हणून थोडे तपशिलात जातो. माती डोंगरातून खणून आणायची असते आणि ती घेण्याआधी मक्याचे पीठ वाहून तिची परवानगी मागितली जाते. तेवा बोलणारे लोक मातीला आई मानतात. आणलेली माती वाळवायची, भिजवायची, तिच्यातले खडे आणि मुळ्या काढून ती गाळायची. नुसती माती भाजताना तडकते, म्हणून तिच्यात काहीतरी मिसळावे लागते. तेवा गावांत ज्वालामुखीची राख किंवा बारीक वाळू घालतात, झिया गावात काळ्या दगडाचा चुरा, तर ॲकोमात जुन्या फुटक्या भांड्यांच्या खापऱ्या कुटून त्यांची पूड मळतात. पणजीच्या फुटलेल्या घागरीचा चुरा अशा रीतीने पणतीच्या घागरीत मुरतो. मळलेल्या मातीची चकती पुकी नावाच्या उथळ बशीत बसवायची, तळहातांमध्ये मातीची लांब वळी करायची, ती कडेवर फिरवून चिमटीत दाबायची, तिच्यावर दुसरी रचायची, आणि वाळलेल्या भोपळ्याच्या कवटीच्या तुकड्याने आतून-बाहेरून खरवडून भिंत पातळ करायची. मग भांडे सावकाश सुकू द्यायचे. घाई केली तर चीर जाते.

सुकलेले भांडे घासून गुळगुळीत झाले की त्यावर बारीक मातीचा पातळ लेप देतात आणि तो ओलसर असतानाच गुळगुळीत गोट्याने घोटायला बसतात. हे काम अर्ध्यावर सोडून उठता येत नाही. मध्येच लेप वाळला तर तेवढ्या भागावर चमक येत नाही आणि सगळा लेप काढून पुन्हा सुरुवात करावी लागते. घोटण्याचे हे गोटे आईकडून मुलीकडे येतात. आपल्याकडे एखाद्या घरात आजीचा पाटा-वरवंटा जपावा, तसे ते जपले जातात.

शेवटी भाजणे. पहाटे वारा पडलेला असताना उघड्यावर लोखंडी जाळी मांडतात, तिच्यावर भांडी रचतात, खाली देवदारासारखी लाकडे सारतात आणि पत्र्यांच्या तुकड्यांनी झाकून भोवती वाळलेले शेण लावतात. आपल्याकडच्या थापलेल्या गोवऱ्यांऐवजी तिथे गुरांच्या वाड्यात तुडवून घट्ट झालेल्या वाळक्या शेणाच्या लाद्या असतात. हॉपी बायका मेंढ्यांचे शेण वापरतात. भांडे लाल हवे असेल तर जाळ मोकळा जळू देतात. काळे हवे असेल तर तो ऐन भरात असताना घोड्याच्या लिदेचा बारीक भुसा त्यावर ओतून सगळी हवा कोंडतात, आणि त्या कोंडलेल्या धुरात लाल माती काळी होते. भिंतीत कुठे ओल किंवा हवेचा बुडबुडा राहिला असेल तर जाळातून फट्‌ असा आवाज येतो. घडवणारीला तो आवाज ओळखता येतो. काही आठवड्यांचे काम त्या एका आवाजात संपते.

आता दुसरे भांडे पाहा. पातळ केलेली कारखान्याची माती प्लास्टरच्या साच्यात ओततात, कडेला थर धरला की उरलेली ओतून देतात आणि साचा उघडतात. अशी न भाजलेली तयार भांडी विकत मिळतात. त्या व्यवसायात त्यांना ग्रीनवेअर म्हणतात. ती आणायची, त्यांवर ॲकोमाच्या बारीक रेषांची नक्षी काढायची किंवा नक्षी कोरायची, आणि विजेच्या भट्टीत भाजायची. काही भांड्यांवर गरम असतानाच घोड्याचे केस टाकतात. ते जळून काळ्या नागमोडी रेषा उमटतात आणि पर्यटकांना त्या फार आवडतात. यात चित्रकाराचे कसब आहे, ते मी नाकारत नाही. पण माती खणण्यापासून जाळापर्यंतचा सगळा प्रवास त्यात गळून गेलेला असतो, आणि दुकानाच्या फळीवर मात्र दोन्ही भांडी शेजारी शेजारी बसतात. लांबून पाहणाऱ्याला साच्यातले भांडे कदाचित जास्तच सुबक वाटेल, कारण त्याची गोलाई कुठेच चुकलेली नसते.

येवल्याची पैठणी घ्यायला गेलेली जाणकार बाई काय करते? ती आधी पदर उलटा करते. हातमागावर विणलेल्या पदरातला मोर मागच्या बाजूनेही जवळपास तसाच दिसतो आणि यंत्रमागाच्या पदराच्या मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. आपल्या बाजाराने यासाठी 'सेमी पैठणी' असा शब्दही चालवला आहे. तो शब्द फारसा सुंदर नाही, पण निदान तो उच्चारला की गिऱ्हाइकाला आपण काय घेत आहोत ते कळते. प्वेब्लो भांडेही असेच आतून पाहावे लागते. हाताने रचलेल्या भांड्याच्या पोटात हात घातला तर बोटांचे दाब आणि खरवडल्याच्या खुणा लागतात, भिंत कुठे जराशी जाड तर कुठे पातळ असते, आणि काठ डोळ्यांच्या रेषेत धरला तर तो किंचित हेलकावतो. साच्यातले भांडे आतून-बाहेरून सारखेच गुळगुळीत असते, भिंत सगळीकडे एकसारखी, आणि नीट घासले नसेल तर साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची पुसट रेघ अंगावर राहते. पण हे पाहण्याची सवय किती जणांना असते? ग्रँड कॅन्यन आणि न्यू मेक्सिकोची राजधानी सांता फे करून येणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी कितीजणांनी कपाटात ठेवलेल्या भांड्याच्या आत बोट फिरवून पाहिले असेल? गिऱ्हाइकाने तज्ज्ञ व्हावे अशी अपेक्षा करणे रास्त नाही. विकणाऱ्याने सांगावे, अशी अपेक्षा मात्र रास्त आहे.

कायदा इथे मदतीला येईल असे कोणालाही वाटेल. १९३५ साली अमेरिकी सरकारने आदिवासींच्या कला-कारागिरीसाठी एक मंडळ स्थापले आणि १९९० साली इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्ट हा कडक कायदा झाला. आदिवासींनी न बनवलेली वस्तू त्यांनी बनवली असे भासवून विकणाऱ्या व्यक्तीला पहिल्याच गुन्ह्यासाठी अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतात. परदेशात कारखान्यांतून बनणाऱ्या नकली मालाविरुद्ध हा कायदा हवाच होता आणि त्याची अंमलबजावणी आणखी कडक व्हावी असेच मी म्हणेन. पण त्याचा मुख्य प्रश्न 'कोणी' हा आहे. करणारा मान्यताप्राप्त जमातीचा सदस्य असावा किंवा जमातीने त्याला कारागीर म्हणून प्रमाणित केलेले असावे, आणि वस्तू घडवण्याचे कसबी श्रम त्याचे असावेत, एवढे तो पाहतो. भांडे वळ्या रचून उभे केले की साच्यातून काढले, उघड्या जाळात भाजले की विजेच्या भट्टीत, हे गिऱ्हाइकाला सांगण्याचे बंधन तो घालत नाही. म्हणजे नकली माल रोखणारे कुंपण वाड्याभोवती घातले गेले, पण वाड्याच्या आत दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात, त्याकडे कायद्याची पाठ आहे.

'कोणी' या प्रश्नाचे उत्तर कागदावर मांडणेही वाटते तितके सरळ नाही. सांता क्लारा गावाच्या १९३९ च्या नियमानुसार गावातल्या पुरुषाने बाहेरच्या स्त्रीशी लग्न केले तर मुले गावाची सदस्य होत, पण गावातल्या स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केले तर तिची मुले सदस्य होत नसत. हूलिया मार्टिनेझ या आईने याविरुद्ध दाद मागितली आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७८ साली न्यायालयाने गावाच्या स्वायत्ततेच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालाच्या योग्यायोग्यतेत मी इथे शिरत नाही. पण ज्या गावात घोटण्याचा गोटा आईकडून मुलीकडे जातो, तिथे सदस्यत्व मात्र बापाकडून मोजले जात होते, ही गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. आईच्या मांडीशी बसून मळायला शिकलेली मुलगी कागदोपत्री बाहेरची ठरू शकते. १९९० च्या कायद्यातली प्रमाणित कारागिराची तरतूद अशांसाठी वाट ठेवते, हे चांगले आहे. तरीही वंशाचा कागद आणि हातातली विद्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीची हमी दुसरीला पुरत नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण मेक्सिकोच्या चिवावा राज्यातील माता ओर्तीझ गावाचे आहे. हुआन केसादा (१९४० ते २०२२) या माणसाने आसपास सापडणाऱ्या, कासास ग्रांदेस या प्राचीन वस्तीच्या खापऱ्या पाहून, स्वतः माती शोधून, पुन्हा पुन्हा प्रयोग करून हाताने घडवायची आणि उघड्यावर भाजायची रीत उभी केली. आज त्या गावातली कितीतरी घरे या कामावर जगतात. ती भांडी प्वेब्लोंची नाहीत आणि ती तशी म्हणून विकणे हा गुन्हाच ठरेल. पण माता ओर्तीझ या नावानेच विकली जाणारी ती भांडी हाताने घडवलेली आहेत. प्वेब्लो चित्रकाराने रंगवलेले साच्यातले भांडे प्वेब्लोचे खरे, पण हाताने घडवलेले नाही. दोन प्रश्न वेगळे आहेत, तेव्हा भांड्यासोबत घडणीची माहिती देणाऱ्या चिठ्ठीवर दोन्हींची उत्तरे हवीत.

माझ्या या म्हणण्यावर जो गंभीर आक्षेप येतो तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. आदिवासी कलाकाराने काय करावे आणि कशाला परंपरा म्हणावे, हे बाहेरच्यांनी सांगण्याचा इतिहास फार जुना आणि फारसा शोभादायक नाही. १८८० साली या प्रदेशात रेल्वे आली. तिच्याबरोबर पत्र्याची भांडी आली तसे पर्यटकही आले. पाण्याची घागर आणि धान्याचा रांजण घरातून मागे हटले आणि खिशात मावणारी चिमुकली भांडी विक्रीला आली. तेसुके गावच्या बायकांकडून व्यापाऱ्यांनी 'पर्जन्यदेव' नावाच्या मातीच्या बाहुल्या ढिगांनी करवून घेतल्या. पुढे सांता फेतल्या गोऱ्या जाणकारांना या सवंगपणाची खंत वाटली आणि त्यांनी १९२२ पासून प्रदर्शन-विक्री भरवून उत्तम भांड्यांना बक्षिसे द्यायला सुरुवात केली. आजचा सांता फे इंडियन मार्केट त्यातूनच उभा राहिला. त्याने भाव वाढला आणि कसबही जपले गेले. पण चांगले काय आणि अस्सल काय, हे ठरवणारे पंच बाहेरचे होते. घडणीची चिठ्ठी सक्तीची केली तर तोच पंच नव्या वेषात परत येईल, ही भीती खोटी नाही.

म्हणूनच मी शुद्धतेच्या कसोटीची मागणी करत नाही. आज ज्याला लोक परंपरेचा कळस मानतात ते मारिया आणि हुलियान यांचे काळ्यावर काळे काम १९१९ च्या सुमाराला जन्मले. त्या वेळी ते नवे होते. कोचिती गावच्या हेलन कॉर्डेरो यांनी १९६४ मध्ये, गोष्टी सांगणारे आपले आजोबा आठवून, अंगाखांद्यावर मुले बसलेली, तोंड उघडून गोष्ट सांगणारी मातीची आकृती घडवली. आज कितीतरी गावांत अशा आकृती घडतात आणि त्यांना परंपरागत म्हणायला कोणी कचरत नाही. सांता क्लाराच्या रोझ सिम्प्सन यांनी तर १९८५ ची शेव्हरोले एल कामिनो गाडी काळ्यावर काळ्या नक्षीने रंगवली आणि तिला मारिया हे नाव दिले. ती गाडी पाहून कोणाचीही फसगत होत नाही. नवे करण्याला माझा विरोध नाही, आणि साच्याच्या भांड्यालाही नाही. ॲकोमाची माती भाजल्यावर कधी कधी अंगावरून टवके उडतात. महिनाभराचे काम असे बिघडले तर ज्या घराला परवडत नाही, त्या घराने विजेची भट्टी घेतली म्हणून त्याला नावे ठेवण्याचा मला काय अधिकार? त्या घरानेही आपले भांडे ताठ मानेने विकावे. फक्त चिठ्ठीवर भट्टी असे लिहावे, म्हणजे शेजारच्या घरातल्या शेणाच्या जाळाचा भाव मोडणार नाही. गिऱ्हाइकाला दोन भांड्यांत फरकच सांगितला नाही, तर ते स्वस्त भांडेच घेणार. मग दोन-तीन वर्षांत हाताने घडवणारीची मुलगी आईला सांगणार की एवढी माती कुटण्यात काही अर्थ नाही. अशी रीत कोणी बंद पाडत नाही, ती परवडेनाशी होते.

राहिला प्रश्न चिठ्ठीवरचे शब्द कोणी ठरवायचे, याचा. याचे उत्तर सांता फेतच, गव्हर्नरांच्या जुन्या वाड्याच्या पडवीत मिळते. तिथे रोज आदिवासी कारागीर चादरी अंथरून आपला माल मांडतात. माल विकणाऱ्याने किंवा त्याच्या घरच्यांनी हाताने केलेला असावा, त्यावर करणाऱ्याची खूण असावी, असे नियम आहेत, आणि त्यांवर लक्ष ठेवण्याच्या कामात विक्रेत्यांनीच निवडलेली समिती असते. शेजारी बसणाऱ्या बाईला साच्याचे भांडे ओळखायला कोणताही तज्ज्ञ लागत नाही. १९९० च्या कायद्याने सरकारी मंडळाला जमातींच्या वतीने अस्सलपणाची चिन्हे नोंदवण्याचाही अधिकार दिला आहे. प्रत्येक गावाच्या शासनाने आपल्या कुंभारणींना बोलावून, त्यांच्याच शब्दांत, आपले चिन्ह कशाला मिळेल ते ठरवावे, मंडळाने ते नोंदवावे, आणि दुकानदारांवर ती माहिती जशीच्या तशी पुढे देण्याची सक्ती कायद्याने करावी. एका गावाला मातीचे मूळ महत्त्वाचे वाटेल, दुसऱ्याला जाळ. ताओस आणि पिकुरीसच्या अभ्रकी मातीची सोनेरी झाक असलेली भांडी मुळात चुलीवर घेवडा शिजवण्यासाठी आहेत, तिथे भांडे आच सोसते की नाही हीच कसोटी ठरेल. सगळ्यांना एकच नियम लावण्याची गरज नाही.

गावाच्या हाती हा निर्णय असावा असे मी म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. माहिती मागण्याची बाहेरच्यांची भूक कुठे थांबत नाही. १८७९ साली स्टीव्हनसन या संशोधक दांपत्याने वॉशिंग्टनच्या संग्रहालयासाठी संकलन सुरू केले आणि झुनीसारख्या गावांतून भांडी हजारोंनी गेली. ज्या घागरी डोक्यावर चुंबळ ठेवून पाण्याला नेल्या जात, त्या फळीवर क्रमांक लावून बसल्या. १९२२ मध्ये सांता फेतल्या एका मेजवानीत झुनीची एक जुनी घागर फुटली आणि ती हळहळ निमित्त होऊन तिथल्या रसिकांनी भांडी जमवण्यासाठी निधी उभा केला. तो संग्रह आज तिथल्या एका संशोधन संस्थेकडे आहे. त्याच संग्रहातली भांडी घेऊन २०२२ मध्ये एक प्रदर्शन भरले आणि पुढच्या वर्षी ते न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेले. या वेळी भांडी निवडली ती २१ समाजांतल्या साठहून अधिक जणांनी, आणि भांड्याशेजारचा मजकूरही त्यांचाच होता. कोणी आजीच्या स्वयंपाकघराविषयी लिहिले, कोणी आपल्या गावातून गेलेल्या भांड्याशी बोलावे तसे लिहिले. कालखंड आणि शैली यांची कोरडी नोंद वाचायची सवय असलेल्या प्रेक्षकाला तिथे भांड्याच्या नातेवाइकांचा आवाज ऐकायला मिळाला. चिठ्ठी कोणाच्या शब्दांत असावी या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

त्या आवाजाला गप्प राहण्याचाही हक्क हवा. काही नक्षींचा अर्थ गावाबाहेर सांगायचा नसतो. माती कुठल्या डोंगरातली, हे घरातच ठेवायचे असते, आणि पिकुरीसजवळच्या अभ्रकाच्या खाणीने तिथल्या कुंभारणींची मातीची जागा कशी गिळली हे पाहिल्यावर त्यामागची काळजी कोणालाही समजेल. तेव्हा चिठ्ठीवर वळ्या की साचा, उघडा जाळ की भट्टी, माती खणलेली की विकतची, आणि कोणत्या घरच्या किती हातांनी काम केले, एवढे असावे. मारियांच्या शेजारणींची नावेही मग सहीखाली मावतील. माती खणलेली आहे एवढे कळल्यावर ती कोठून खणली, यासाठी त्या चिठ्ठीत रकाना नसावा.